पान एकशे त्र्याऐंशी

पालमच्या बसस्टँडवरून बाजाराकडं निघालं की डाव्या हाताला मन्मथअप्पा बुरांडे यांचं दुकान लागतं. पाटीवर 'पूजा साहित्य व काष्ठौषधी भांडार' असं लिहिलेलं आहे, पण ती पाटी वाचून आत आलेला माणूस अजून कुणी पाहिला नाही. विभूती संपली, जा अप्पाकडं. लेकराच्या पोटात मुरडा आलाय, जा अप्पाकडं. लग्नाची हळकुंडं, बाळंतिणीचा डिंक, म्हाताऱ्याच्या खोकल्याचं ज्येष्ठमध, सगळ्याला पत्ता एकच. अप्पांचं वय अठ्ठावन्न. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि बोलणं इतकं सावकाश की ओवा घ्यायला आलेला माणूस अर्धा बरा होऊनच घरी जायचा. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय ते चहाचा घोट घेत नसत. श्रावणात कांदा-लसूण त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. सिनेमा त्यांनी जन्मात एकदाच पाहिला होता, तोही मध्यंतरापर्यंत. पुढं झोप लागली.

वाचनाच्या बाबतीत अप्पांचं मत पक्कं होतं. पोथी वाचली की पुण्य लागतं, पंचांग वाचलं की मुहूर्त कळतो आणि पेपर वाचला की कोण गेलं ते कळतं. याच्यापलीकडं वाचणं म्हणजे रिकाम्या पाट्यावर वरवंटा फिरवणं.

प्लास्टिकबंदी आल्यापासून त्यांच्या दुकानात कागदाच्या पुड्या परत सुरू झाल्या होत्या, आणि पुड्यांना रद्दी लागते. त्या आषाढात गंगाखेडचं एक जुनं वाचनालय बंद पडलं. भाड्यानं कादंबऱ्या देणारं होतं ते. चालवणारा म्हातारा वारला, पोरं पुण्याला स्थायिक झालेली, त्यांनी सगळी पुस्तकं किलोच्या भावानं काढून टाकली. त्यातलं एक पोतं अप्पांकडं आलं. आत चाळीसेक कादंबऱ्या होत्या. काही भुताच्या, काही खुनाच्या, काही प्रेमाच्या, आणि काहींत भूत, खून, प्रेम हे सगळंच. पानं पिवळी पण जाड. पुडीला एकदम नंबरी.

असला चांगला कागद अप्पा कुणालाही देत नसत. तो मानाच्या गिऱ्हाईकाला, नाही तर मंगल कारणाला. बाळंतिणीची औषधं तर ते पेपरात कधीच बांधत नसत, कारण पेपरात निधनवार्ता असतात. आणि पुस्तक फाडायचीही त्यांची एक रीत होती, वडलांनी घालून दिलेली. पहिल्या पानावर 'श्री' असण्याचा संभव असतो, म्हणून तिकडून हात घालायचा नाही. शेवटाकडून एकेक पान काढत यायचं. पोत्यातलं सगळ्यात वरचं पुस्तक होतं 'काळ्या कोठीचा पाहुणा'. अप्पांनी त्याचं शेवटचं पान काढलं आणि त्यात खडीसाखर बांधून नागनाथ गुरुजींच्या हातात दिली. सगळा घोटाळा सुरू झाला तो इथून.

नागनाथ गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. अर्धं पालम त्यांच्या हाताखालून गेलेलं. आई-बाप दुसऱ्याच्या रानात राबणारे. गुरुजी शिकले ते कंदिलाच्या काचेला चिकटून. घरात पुस्तकांची तीन कपाटं होती आणि त्यात हलकं म्हणावं असं एकही पुस्तक नव्हतं, ना वजनानं ना मजकुरानं. गावात कसलीही सभा असो, गुरुजी उभे राहिले की एक वाक्य ठरलेलं असायचं. वाचन ही करमणूक नाही, वाचन ही चळवळ आहे.

तर खडीसाखर सोमवारी नेली. मंगळवारी गुरुजी परत आले आणि दहा रुपयांचा ओवा मागितला. बुधवारी बडीशेप. गुरुवारी हिरडा. अप्पा पुडी बांधत असताना गुरुजी त्यांच्या हाताकडं एकटक बघत असत आणि पुडी मिळाली की घाईनं निघून जात. अप्पांनी चार दिवसांची औषधं मनात ओळीनं मांडली आणि निदान केलं की गुरुजींचं पोट गेलं कामातून. शुक्रवारी गुरुजी आलेच नाहीत. अप्पांनी घरी बायकोला, नीलम्मांना, काळजीनं सांगितलं. नीलम्मांनी ते दूधवालीला सांगितलं. शनिवारी सकाळी गुरुजी पुतण्याच्या साखरपुड्याहून नांदेडवरून परतले, तर दारात तिघं जण मोसंब्या घेऊन बसलेले.

त्या दुपारी गुरुजी दुकानात आले ते जरा गुश्श्यातच. सुंठ मागितली. पुडी हातात पडताच त्यांनी ती तिथंच उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "काल या कागदात कुणाला काय दिलंत?" अप्पांना वाटलं, ताप डोक्यात गेला. त्यांनी गुरुजींना मऊ भात खायला सांगितलं. रविवारी गुरुजी दोनदा आले.

सोमवारी श्रावण लागला. दुपारचं फारसं कुणी नव्हतं. एक गिऱ्हाईक खारीक मागत होतं, त्याला फोन आला आणि ते बोलत बोलत रस्त्याच्या पलीकडं गेलं. अप्पांच्या हातात पुस्तक तसंच राहिलं. वाऱ्यानं पान उलटलं म्हणा, अंगठ्यानं म्हणा, पुस्तक मध्येच उघडलं आणि अप्पांची नजर एका ओळीवर गेली. एका बंगल्यावर मेजवानी चालली होती. तिथं विक्रांतसिंह नावाचे एक जहागीरदार पाहुणे आले होते. सगळे जेवत होते, पण जहागीरदारांनी ताटाला हात लावला नव्हता. ते म्हणाले, मी चारचौघांत जेवत नाही.

अप्पांना हे आवडलं. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पुढं कळलं की जहागीरदारांना लसणाचा वास सहन होत नाही. ते आरशात बघत नाहीत. मऊ गादी त्यांना चालत नाही, लाकडी फळ्यांवर झोपतात. बायकांशी बोलताना दोन हात लांब उभे राहतात. अप्पांच्या मनात त्या माणसाबद्दल आदर दाटून आला. एवढा नेमधर्म पाळणारा माणूस, तोही जहागीरदार असून. आजकाल असं कोण राहतं, असं त्यांना वाटलं. एका जागी जहागीरदार देवळाच्या पायरीपासून मागं फिरले तेव्हा अप्पा जरा थबकले, पण घरात सुतक असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली.

बेचाळिसाव्या पानावर जहागीरदारांनी माळ्याच्या मानेत दात रोवले.

अप्पांनी पुस्तक मिटलं. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. उठून पाणी प्यायले. ज्याला पाच वाजेपर्यंत आपण संतपुरुष समजत होतो तो माणसाचं रक्त पितो, हे पचायला त्यांना वेळ लागला. रद्दीतच टाकावं म्हणून त्यांनी पुस्तक पोत्यात ठेवलं. मग माळी मेला का वाचला एवढंच बघावं म्हणून परत काढलं. माळी वाचला नाही. आता त्या घरात मोहिनी नावाची पोरगी एकटी होती आणि जहागीरदार तिच्याच खोलीकडं निघाला होता. अशा वेळी पोरीला सोडून दुकान बंद करणं अप्पांना बरं दिसेना.

दुसऱ्या दिवशी नीलम्मा डबा घेऊन आल्या तर नवरा तराजूमागं वाकलेला आणि समोर दोन माणसं ताटकळत उभी. त्यांनी पुस्तक हातातून काढून घेतलं. कव्हरवर लांब दातांचा माणूस होता, हनुवटीवर लाल थेंब. अप्पांना तो कालपर्यंत पान खाल्लेला माळी वाटला होता.

"काय वाचायलाव हे, श्रावणात?"

"एका उपाशी माणसाची गोष्ट हाय," अप्पा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि हे तसं खोटंही नव्हतं.

नीलम्मा बाई व्यवहारी. पाप किती मोठं आहे ते आधी कळलं पाहिजे, म्हणून त्यांनी संध्याकाळी तांदूळ निवडताना नवऱ्याला मोठ्यानं वाचायला लावलं. सुरुवातीला त्या नाक मुरडत होत्या. मग तांदळातला खडा तांदळात राहायला लागला. तो मांस खातो का, असं त्यांनी मध्येच विचारलं. अप्पांनी सांगितलं की चावून काही खात नाही, नुसतं पितो. "मग निम्मा उपासच धरायचा," असं म्हणून नीलम्मांनी पुढं वाचायला सांगितलं.

या दिवसांत नागनाथ गुरुजी रोज दुकानात येत होते आणि अप्पा त्यांना पेपरात बांधून देत होते. ज्या पुस्तकात जीव अडकलाय त्याचं पान कसं फाडणार? गुरुजी म्हणायचे, तो जाड कागद द्या. अप्पा म्हणायचे, संपला. गुरुजींचं तोंड उतरायचं. बुधवारी तर ते ज्येष्ठमध न घेताच माघारी गेले.

आणि बुधवारीच चार वाजता अप्पा एकशे शहात्तराव्या पानावर पोचले. मोहिनीनं तळघराचं दार उघडलं. आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून कुणीतरी तिचं नाव. पुढं काही नाही. पुढं पुस्तकाची नुसती शिलाई होती.

अप्पा त्या शिलाईकडं बराच वेळ बघत बसले. सोळा पानं, म्हणजे आठ कागद. ते त्यांनीच स्वतःच्या हातानं काढले होते. पण अप्पांची एक गोष्ट अशी की कुणाला काय दिलं हे ते विसरत नसत. खडीसाखर, ओवा, बडीशेप, हिरडा, सुंठ, मग रविवारी विड्याचा कात आणि परत ओवा. सात पुड्या एकाच घरात गेल्या होत्या. फक्त शुक्रवारची, बाजाराच्या दिवसाची, बाळंतशोपेची पुडी खडकवाडीच्या लक्ष्मीबाईनं नेली होती. तिची लेक बाळंत झाली होती.

दुकानाचं दार ओढून घेऊन अप्पा गुरुजींच्या घरी गेले. "शरणार्थ, गुरुजी." "जयभीम, अप्पा, या." चहा आला. अप्पांनी पुड्यांच्या कागदांचं विचारलं. गुरुजी म्हणाले, कसले कागद. अप्पा म्हणाले, ज्यात मी औषध बांधलं. गुरुजींनी खिडकीकडं बघितलं. असले कागद कुणी जपून ठेवतं का, असं म्हणाले. अप्पा उठले नाहीत. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "ती पोरगी जगती का तेवढं तरी सांगा."

गुरुजींचा चेहरा बदलला. ते उठले, दार लोटून घेतलं, आणि मधल्या कपाटातल्या सगळ्यात जाड ग्रंथाच्या पोटातून सात पानं काढली. प्रत्येक पान इस्त्री केल्यासारखं सरळ केलेलं. ओव्याचा वास येत होता.

"मी हे उलटं वाचलंय," गुरुजी म्हणाले. "तुम्ही शेवटाकडून फाडत आलात. मला आधी शेवट मिळाला, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. कोण मेलं ते मला पहिल्या दिवशी कळलं. का मेलं ते कळायला आठ दिवस ओवा खाल्ला."

 पुढं बोलले ते अप्पांशी कमी आणि स्वतःशी जास्त. "अप्पा, वयाच्या सहाव्या वर्षापासून वाचतोय. परीक्षेसाठी वाचलं, नोकरीसाठी वाचलं, समाजासाठी वाचलं. आमच्या घरात पुस्तक फार महागात आलं होतं. त्याचा कण न् कण कामाला लावायचा. नुसती मजा वाटली म्हणून एक पान वाचलंय, असं अडुसष्ट वर्षांत झालं नव्हतं. खडीसाखर सोडली आणि कागद टाकता टाकता वाचला, आणि उभ्या उभ्या हसू आलं हो. मग लाज वाटली. मग परत तुमच्या दुकानात आलो."

 आपणही गिऱ्हाईक आलं की पोथीखाली पुस्तक लपवतो, एवढं अप्पांनी सांगितलं. दोघांनाही त्यानं बरं वाटलं.

सात पानं अप्पांनी तिथंच वाचायला घेतली असती, पण गुरुजींनी वर हात ठेवला. मधलं एकशे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं पान नव्हतं. एकशे ब्याऐंशीवर तळघरात पेटीचं झाकण उघडतं आणि एकशे पंच्याऐंशीवर एकदम कोठीचे पडदे पेटलेले असतात. मध्ये काय झालं हे कळल्याशिवाय पुढचं वाचणं म्हणजे भाजी सोडून नुसतं मीठ खाणं, असं गुरुजींचं म्हणणं पडलं. गुरुवारी सकाळच्या एसटीनं खडकवाडीला जायचं ठरलं. गुरुजींना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, अप्पांना पुरं. नीलम्मांनी डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या आणि लवकर या म्हणून सांगितलं, म्हणजे शेवट लवकर कळेल.

लक्ष्मीबाई ही खडकवाडीच्या खुरपणीच्या टोळीची मुकादम. दहा-बारा बायका घेऊन ती कापसाचं, सोयाबीनचं रान खुरपायला घ्यायची. अप्पा आणि गुरुजी पोचले तेव्हा ती नुकतीच रानाकडं निघाली होती. दारात गुरुजींना बघून तिनं खुरपं खाली टाकलं आणि पदर सारखा केला. तिची लेक सुकेशनी हीच बाळंतीण, आणि ती गुरुजींची विद्यार्थिनी. बारावीला तालुक्यात दुसरी आलेली. एवढ्या मोठ्या माणसानं वाट वाकडी केली म्हणजे लेकीच्या पुढच्या शिक्षणाचंच काही असणार, असं लक्ष्मीबाईनं धरलं. तिनं घोंगडी अंथरली आणि दाराशी उभ्या असलेल्या बायकांनाही थांबवलं. गुरुजी काय सांगतात ते सगळ्यांनी ऐकावं.

गुरुजी घोंगडीवर बसले आणि कागदाचं सोडून भलतंच बोलायला लागले. त्यांनी बाळाचं वजन विचारलं. बाळंतपणानंतर बी.ए. पूर्ण करायला काय हरकत आहे, हे सांगितलं. मुलींच्या शिक्षणावर दहा मिनिटं बोलले. बायका माना डोलवत होत्या. अप्पा शेजारी बसून घड्याळाकडं बघत होते, कारण परतीची एसटी एकच होती. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

"लक्ष्मीबाई, बाळंतशोपेचा कागद हाय का तुमच्याकडं?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी तोंडाला पदर लावला. लक्ष्मीबाई गुरुजींकडं बघत म्हणाली, "म्हंजी तुमी जहागीरदारासाठी आलाव व्हय?"

गुरुजींनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

मग उलगडा झाला तो असा. सुकेशनीला बाळंतिणीच्या खोलीत सव्वा महिना काढायचा होता. फोन रिचार्जविना पडलेला. तिनं पुडी सोडली, कागद वाचला, आणि आईला वाचून दाखवला. लक्ष्मीबाईला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. तिनं तो मजकूर रानात सांगितला. संध्याकाळी सगळी टोळी बाळ बघायचं निमित्त करून सुकेशनीकडून परत ऐकून गेली. बाळंतिणीपुढं भुताचं वाचू नये, असं एक म्हातारी म्हणाली होती. पण तीच दुसऱ्या दिवशी आधी येऊन बसली.

पान तांदळाच्या डब्यात घडी करून ठेवलेलं होतं. सुकेशनीनं ते आणलं आणि गुरुजींसमोर, शाळेत वाचायची तशी, उभी राहून वाचलं. त्यात जहागीरदार पेटीतून उठून बसतो. मोहिनीला म्हणतो, तीनशे वर्षांत माझ्या दारात जो आला तो किंचाळून पळाला. तू का पळत नाहीस?  मोहिनीचा हात मागच्या झरोक्याच्या पडद्याकडं जातो. तिथं पान संपत होतं.

"पुढचं मला ठाऊक आहे," गुरुजी खिसा चाचपत म्हणाले.

"आमालाबी हाय," लक्ष्मीबाई म्हणाली.

तिनं सांगायला घेतलं. खुरपणीच्या सहा दिवसांत बायकांनी मिळून गोष्ट पुरी केली होती. तीनशे वर्षांत त्याला एकानंबी जेवलास का म्हणून इचारलं न्हाई, हे बायकांना लागलं होतं. मोहिनीनं पडदा काही ओढला नाही. ती घरी गेली आणि भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आली. त्यो थरथरायला लागला. ती म्हणाली, खा मुकाट्यानं, काही व्हत न्हाई. त्यानं एक घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घास घेतला आणि त्याचे ते दोन लांब दात भाकरीतच राहिले.

"दुधाचे व्हते," लक्ष्मीबाई म्हणाली. "पडायचे राह्यले व्हते. माय लहानपणीच गेली, कोन बघनार."

अप्पांनी विचारलं, मग पुढं. पुढं त्याला नवे दात आले. मोहिनीनं त्याला आपल्या टोळीत घ्यायचं म्हटलं, पण त्याला ऊन सोसत नाही, मग खुरपणीला कसा येणार. म्हणून सगळ्या बायकांची लेकरं सांभाळायला त्याला घरी ठेवलाय. झोका चांगला देतो. तीनशे वर्षांचा माणूस, त्याला अंगाईगीतं लय येत्यात.

गुरुजी हसले. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. सुकेशनी बघतच राहिली. सात वर्षं शाळेत तिनं गुरुजींना हसताना पाहिलं नव्हतं.

बायकांना आता आधीचं ऐकायचं होतं. जहागीरदार कोठीत आला कसा, माळी कोण, मोहिनीचे आई-बाप कुठं गेले? अप्पांनी सांगायला सुरुवात केली. पहिली एकशे शहात्तर पानं त्यांनी विभूती लावलेल्या गंभीर चेहऱ्यानं, सुंठीचे गुण सांगावेत तशी सावकाश सांगितली. मेजवानीच्या ताटापाशी आले तेव्हा मी आधी त्याला साधू समजलो होतो, हेही सांगून टाकलं. बायका लोटपोट झाल्या. त्या दिवशी कुणाच्या तरी सोयाबीनमधलं तण तसंच राहिलं आणि परतीची एसटीही गेली. गुरुजींनी खिशातली पानं काढून शेवट वाचतो म्हटलं, तर लक्ष्मीबाईनं हात जोडले. आमचा शेवट झालाय गुरुजी, आता दुसरा नगं, असं ती म्हणाली.

गंगाखेडकडून येणाऱ्या एका टमटममधून दोघं पालमला निघाले. वाटेत अप्पांनी सुकेशनीनं दिलेलं पान मध्ये घालून आठही पानं ओळीनं लावली आणि वाचली. मोहिनी पडदा ओढते. ऊन आत येतं, जहागीरदाराची राख होते. तेवढ्यात एक इन्स्पेक्टर जीपमधून उतरतो आणि मोहिनी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. समाप्त.

अप्पांनी पान उलटून बघितलं. मागं जाहिराती होत्या.

"हा इन्स्पेक्टर कोण?" त्यांनी विचारलं. "आधी कुठं आलाच न्हाई."

"मला वाटायचं, तो तुमच्या भागात असेल," गुरुजी म्हणाले.

घरी नीलम्मा वाट बघत बसल्या होत्या. चहा टाकायच्या आधी त्यांनी विचारलं, काय झालं. अप्पांनी आठ पानं खिशात तशीच ठेवली आणि भाकरी, लसणाची चटणी आणि दुधाचे दात असा सगळा शेवट सांगितला. श्रावणात लसूण, असं नीलम्मा पुटपुटल्या, पण औषध म्हणून चालतो हे त्यांनी लगेच मान्य केलं. पुस्तक लिहिणारा माणूस समजदार दिसतो, असंही म्हणाल्या. अप्पांनी त्यांचा गैरसमज आजवर काढलेला नाही.

पोतं अप्पांनी पुड्यांसाठी परत वापरलं नाही. पण पोत्यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांचे शेवट त्या वाचनालयातच उंदरांनी किंवा गिऱ्हाईकांनी खाल्लेले होते. दसऱ्याच्या सुमारास लक्ष्मीबाई बाजाराला आली तेव्हा अप्पांनी तसली एक कादंबरी तिच्या पिशवीत टाकली. सुकेशनी घरी वाचून दाखवते, टोळी रानात शेवट लावते, आणि बाजाराच्या दिवशी लक्ष्मीबाई तो दुकानात येऊन सांगते. नागनाथ गुरुजी स्टुलावर बसून वहीत उतरवून घेतात. अक्षर असं सुरेख की छापल्यासारखं वाटावं. मग ती पानं पुस्तकाला मागून शिवून टाकतात. आता गुरुजींकडं सभेचं बोलावणं आलं तर ते जातात, भाषणही करतात, फक्त चळवळीच्या वाक्यानंतर थोडं थांबतात आणि अधूनमधून मजेखातर वाचायलाही हरकत नाही, असं घाईघाईनं म्हणून खाली बसतात.

परवाच्या बाजाराला खुनाची कादंबरी होती. एका धनाढ्य शेठचा त्याच्याच वाड्यात खून झालेला, पाच जणांवर संशय, आणि शेवटची वीस पानं गायब. टोळीनं निकाल दिला होता की शेठ मेलाच नव्हता. सुनांच्या भांडणाला कंटाळून तो महिनाभर बहिणीकडं जाऊन राहिला होता आणि आता येऊन जेवायला बसला होता. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. हे बसत नाही, ते म्हणाले. तिसाव्या पानावर त्याचं पोस्टमार्टम झालेलं आहे.

लक्ष्मीबाईनं हळकुंडं निवडता निवडता वर बघितलं. "गुरुजी, पोस्टमार्टम केलं कुनी, त्या डाक्टरचं नाव लिव्हलंय का तिथं?"

गुरुजींनी तिसावं पान उघडलं. वरून खाली वाचलं, मग परत वाचलं. डॉक्टरचं नाव खरंच कुठं दिलेलं नव्हतं. त्यांनी अप्पांकडं बघितलं, अप्पांनी मान हलवली, आणि गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं.